पाच-दहाचा काटा

रिद्धपुरात सध्या सगळ्यात जास्त फिरणारी अफवा म्हणजे टायमिंग. ती पसरवणारे खोटारडे नाहीत, हे आधीच सांगतो. पहाटे साडेचारला उठून, अंधारात, कुत्र्यांना चुकवत डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं खोटं कशाला बोलतील? त्यांना जो आकडा सांगितला जातो तोच ती पुढे सांगतात.

"किती आलं बे?"

"पाच-पस्तीस आलं ना भाऊ."

आणि त्या पाच-पस्तीसच्या भरवशावर बाप पुढच्या सहा महिन्यांची फी भरतो, पोराला वावरात येऊ नको म्हणतो, संत्र्याचे आलेले पैसे बुटांत घालतो. माझं भांडण पोरांशी नाही. माझं भांडण त्या आकड्याशी आहे, आणि तो आकडा विकून पोट भरणाऱ्यांशी आहे.

ज्यांच्या घरात कोणी भरतीची तयारी करत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. त्यातले २० गुण लांब धावेचे. पोरानं १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत संपवलं तर २० पैकी २०. ५:३० पर्यंत १८. तिथून खाली वीस-वीस सेकंदांच्या पायऱ्या. म्हणून मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर, तिकडे अकोट, मूर्तिजापूर, कुठेही जा. पहाटे पळणाऱ्या पोराच्या डोक्यात एकच आकडा असतो. पाच-दहा.

मी याच गावचा. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आहे आणि गेली काही वर्षं रविवारी सकाळी पोरांच्या वेळा लिहून ठेवतो. त्याचे पैसे घेत नाही, त्यामुळे बोलायला मोकळा आहे.

सोळाशे संपतं कुठे?

पहिला प्रश्न अंतराचा. रस्त्यावर एका पुलाच्या कठड्याला चुन्याची रेघ आहे. "सोळाशे इथं संपते." ती रेघ कोणी ओढली? कोण्या जुन्या बॅचनं. कशानं मोजून? मोटारसायकलच्या मीटरवर.

मोटारसायकलच्या मीटरचा शेवटचा आकडा शंभर मीटरनं पुढे सरकतो. तुम्ही निघालात तेव्हा तो आकडा नुकताच पलटला होता की पलटायच्या बेतात होता, हे तुम्हाला ठाऊक नसतं. म्हणजे मीटरवरचे १.६ किलोमीटर प्रत्यक्षात दीडच्या जवळही असू शकतात आणि १.७ च्या जवळही. आता हिशेब करा. १६०० मीटर ५:३० मध्ये पळणारा पोरगा त्याच वेगानं १५०० मीटर पळाला तर किती वेळ लागेल? ५ मिनिटं ९ सेकंद. झाला की नाही पाच-दहाच्या आत! पोराच्या पायांत काहीच बदललेलं नाही. फक्त पूल जवळ आला आहे.

मोबाइलवरचं ॲप याहून बरं, पण फार नाही. मोकळ्या आभाळाखाली फोनचा जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत चुकतो. रस्त्याला निंबाची-बाभळीची दाटी असेल तर आणखी. सरळ रस्त्यावर ते खपून जातं. छोट्या मैदानात गोल पळताना ॲप वळणं कापतं किंवा उगाच नागमोडी रेघ काढतं, आणि अंतर हलतं. दोन टक्के चूक झाली तरी साडेपाच मिनिटांत सहा-सात सेकंद इकडचे तिकडे होतात.

अगदी ४०० मीटरचा खरा ट्रॅक मिळाला तरी तो कुठून पळायचा हे कळलं पाहिजे. आतली लेन सोडून दुसऱ्या लेनमधून चार फेऱ्या मारल्या तर जवळपास ३० मीटर जास्त पळणं होतं. पाच-दहाच्या वेगानं ते सहा सेकंद झाले.

जगात रस्त्यावरच्या शर्यती कशा मोजतात ते बघा. आधी पोलादी टेपनं एक सरळ तुकडा मोजतात. त्यावर सायकल चालवून चाकाचे किती फेरे होतात ते काउंटरवर नोंदवतात. मग त्याच सायकलनं सगळा मार्ग मोजतात. आणि शेवटी दर हजार मीटरमागे एक मीटर मुद्दाम जास्त धरतात, कारण मार्ग चुकून जरा लांब भरला तर चालेल, कमी भरता कामा नये. तिकडे चुकीचा संशय पळणाऱ्याच्या विरुद्ध धरतात. इकडे शंभर मीटरची सूट देऊन वर पेढे वाटतात.

आपल्याला मोजता येत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. धुरा हातभर सरकला तर वऱ्हाडातला माणूस मोजणी आणतो, तहसिलात खेटे घालतो, सख्ख्या भावाशी बोलणं टाकतो. कापसाच्या काट्यावर किलोभर इकडेतिकडे झालं तर गाडीवरून उडी मारून खाली येतो. त्याच माणसाच्या पोराचं सगळं भविष्य चुन्याच्या एका रेघेवर उभं आहे आणि त्या रेघेवर कोणी टेप टाकलेला नाही.

चूक दोन्ही बाजूंनी मारते

रस्ता कमी भरला की पोरगं हवेत जातं आणि भरतीच्या दिवशी आपटतं. रस्ता जास्त भरला तर काय होतं, हे आमच्याकडच्या पोरींना विचारा.

पोरी पहाटेच्या अंधारात रस्त्यावर पळू शकत नाहीत. का, ते तुम्हाला माहीत आहे. त्या उजाडल्यावर शाळेच्या मैदानात पळतात. मैदान लहान, वळणं आखूड, प्रत्येक वळणावर वेग मोडतो. अशाच एका मैदानात एक पोरगी ८०० मीटरसाठी चार फेऱ्या मारायची आणि तिची वेळ ३:२० च्या खाली उतरत नव्हती. "तुझ्याच्यानं होत नाही" हे तिला इतक्या जणांनी सांगितलं की तिनं त्या वर्षीचा फॉर्मच भरला नाही. नंतर आम्ही टेप लावला. फेरी २०० मीटरची समजत होते, ती २१२ मीटरची निघाली. चार फेऱ्यांत ४८ मीटर जास्त. त्याच वेगानं तिची ८०० मीटरची वेळ होती ३:०९ च्या आसपास. वळणांची भरपाई धरली तर आणखी कमी.

भरतीचं वय खुल्या गटाला २८ पर्यंत आणि मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. भरती दरवर्षी निघत नाही. त्यामुळे हुकलेला एक फॉर्म म्हणजे एक वर्ष नसतं, कधी दोन असतात, कधी तीन. हे ४८ मीटर त्या पोरीला कोण परत देणार?

मापाडी वेगळा हवा

आता घड्याळ. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मिल्खा सिंग ४०० मीटरच्या अंतिम फेरीत चौथे आले. हातातल्या घड्याळांवर त्यांची वेळ ४५.६, विजेच्या घड्याळावर ४५.७३. शर्यत एक, माणूस एक, वेळा दोन. हातातलं घड्याळ पळणाऱ्याला झुकतं माप देतं, कारण पिस्तुलाचा धूर दिसल्यावर बोट दाबायला क्षण जातो आणि शेवटच्या रेषेवर मात्र बोट आधीच तयार असतं. म्हणून १०० मीटरची हाताची वेळ विजेच्या वेळेशी ताडताना ०.२४ सेकंद मिळवायचा रिवाज आहे. तुमच्या वहीतले ११.४ म्हणजे चिपवरचे साधारण ११.६.

सोळाशेमध्ये या पाव सेकंदाचं फार बिघडत नाही. तिथे बिघडतं ते घड्याळ कोणाच्या हातात आहे यावरून. ज्याला तुमच्याकडून पुढच्या महिन्याची फी घ्यायची आहे त्याच्याच हातात स्टॉपवॉच आहे. पोरगं रेषेपासून पाच-सात पावलं मागे असताना बोट दाबलं जातं आणि आरोळी येते, "पाच-बावीस! दोन सेकंद तुटले!" मागच्या आठवड्यात किती होते, कुठे लिहिलं होतं, कोणाला ठाऊक नाही. पोरगं खूश, बाप खूश, सर खूश.

बाजार समितीत व्यापारी वेगळा आणि मापाडी वेगळा असतो. ज्याला माल घ्यायचा आहे त्यानं स्वतः वजन करू नये, एवढी अक्कल आपल्या आज्या-पणज्यांनी भांडून मिळवलेली आहे. भरतीच्या दिवशी सरकारसुद्धा माणसाच्या बोटावर भरवसा ठेवत नाही. अलीकडच्या भरतीत धावेला आरएफआयडी चिप लावतात. म्हणजे परीक्षा शंभर टक्के मोजलेली आणि तयारी शंभर टक्के अंदाजाची. पोराला स्वतःची खरी वेळ पहिल्यांदा कळते ती ज्या दिवशी त्याचा निकाल लागतो त्याच दिवशी.

पंचेचाळीस दिवसांचा चमत्कार

तालुक्याच्या चौकात फ्लेक्स लागलेले असतात. '४५ दिवसांत ६:३० वरून ५:१०'. ८० सेकंद कमी. टक्क्यांत मांडा, २०.५ टक्के.

आता बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेकडे बघा. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यानं २०१८ साली भुवनेश्वरला ८:२९.८० ची वेळ देऊन १९८१ पासूनचा गोपाल सैनींचा राष्ट्रीय विक्रम मोडला. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याची वेळ होती ८:०९.९१. मधल्या सहा वर्षांत सैन्यातला सराव, परदेशातला सराव, दोन ऑलिंपिकची तयारी. एवढं सगळं करून सुधारणा किती? १९.८९ सेकंद. ३.९ टक्के. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१४ च्या आशियाई स्पर्धेत ९:३५.३७ पळाली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ९:१९.७६. दोन्ही वेळा राष्ट्रीय विक्रम. सुधारणा २.७ टक्के.

ही तुलना सरळ नाही, हे मलाही कळतं. शिखराजवळ प्रत्येक सेकंद महाग असतो आणि पायथ्याशी स्वस्त. नवखा पोरगा रोज नुसता पळाला तरी त्याची वेळ पहिले दोन महिने धडाधड पडते. ७ मिनिटांचा पोरगा सव्वासहावर येतो, कोणीही शिकवा. पण मग फ्लेक्सवर श्रेय कशाचं घेता? पहिल्या दोन महिन्यांची सुधारणा पोराच्या शरीराची असते. प्रशिक्षकाची परीक्षा त्यानंतर सुरू होते, जेव्हा ५:४५ वर काटा अडकतो आणि हलतच नाही. नेमकं तिथलं फ्लेक्सवर काही लिहिलेलं नसतं.

आणि हवामान? मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४५ च्या घरात जातो. पहाटेसुद्धा रस्ता तापलेला असतो. तेव्हा नाव घातलेला पोरगा डिसेंबरच्या थंडीत पळाला की वेळ आपोआप उतरते. त्यातले काही सेकंद सरावाचे, काही हिवाळ्याचे. हिवाळ्याची फी मात्र सर घेतात.

फ्लेक्सवर बारा हसरे चेहरे असतात, गुलाल लावलेले. हा झाला अंश. छेद कुठाय? त्या वर्षी किती जणांनी नावं घातली, किती जण गुडघा धरून मधेच घरी गेले, किती जण तिसऱ्यांदा आले? अपूर्णांकातला नुसता अंश दाखवून गणित पूर्ण होत नाही, हे सातवीच्या पोरालाही कळतं.

मग सुधारणा मोजायची कशी?

स्टेटसवर टाकतात ती सगळ्यात चांगली वेळ. तिच्यावर भरवसा ठेवू नका. एका पोराच्या एका महिन्यातल्या पाच धावा घ्या. ५:४१, ५:३४, ५:४६, ५:३८, ५:४३. स्टेटसवर ५:३४ जाईल. पुढच्या महिन्यातल्या पाच: ५:३६, ५:३३, ५:३९, ५:३७, ५:३५. सगळ्यात चांगली ५:३३. एकच सेकंद तुटला म्हणून पोरगं नाराज. पण पाच वेळा ओळीनं लावून मधली काढा. आधीची ५:४१, आताची ५:३६. पाच सेकंद. दीड टक्का. शिवाय आधी वेळ बारा सेकंदांत झुलत होती, आता सहात आली. भरतीच्या दिवशी एकच संधी असते, त्यामुळे झुलणं कमी होणं हीसुद्धा कमाई आहे. ही कमाई 'बेस्ट टायमिंग'मध्ये दिसतच नाही.

गुणांवरूनही सुधारणा मोजू नका. ५:४९ वरून ५:३१ वर आलेल्या पोरानं अठरा सेकंद तोडले आणि त्याचे गुण तेच राहिले, १६. ५:३१ वरून ५:२९ वर आलेल्यानं दोन सेकंद तोडले आणि त्याला दोन गुण वाढले. पहिल्याला वाटतं आपण अडकलो. अडकला नाही, तो पायरीच्या काठाशी येऊन उभा आहे. हे त्याला कोणी सांगितलं नाही तर तो तिथूनच परत फिरतो.

आणि वेळ कुठल्या धावेतली आहे हेही लिहा. जुलै २०२२ मध्ये युजीनच्या जागतिक स्पर्धेत साबळे अंतिम फेरीत ८:३१.७५ पळून अकरावा आला. तीन आठवड्यांनी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० पळून रौप्यपदक, सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदांनी हुकलं. तीन आठवड्यांत वीस सेकंदांनी सुधारला का? नाही. युजीनची शर्यतच संथ झाली, जिंकणाऱ्याची वेळसुद्धा ८:२५ होती. एकट्यानं पळालेली वेळ, घोळक्यात पळालेली वेळ, पुढे मोटारसायकल ठेवून पळालेली वेळ, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ साली व्हिएन्नात एलियुड किपचोगेनं मॅरेथॉन १:५९:४० मध्ये पूर्ण केली. पृथ्वीवर तोवर कोणी पळालं नव्हतं इतकं जलद. तरी तो विश्वविक्रम धरला नाही, कारण वेग धरून देणारे धावक बदलत होते आणि ती खुली स्पर्धा नव्हती. किपचोगेला जो नियम लागतो तो आपल्या पाच-बावीसला का लागू नये?

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं. "गरिबाची पोरं आहेत राजा, त्यायले कायले हे चोचले? पळू दे, घाम गाळू दे." मला उलटं वाटतं. मोजमाप हे गरिबाचंच हत्यार आहे. ज्याच्या घरी पैसा आहे त्याची दोन वर्षं वाया गेली तरी तो तिसरं काही करेल. ज्याच्याकडे तीन एकर कोरडवाहू आणि वयाची दोन वर्षं उरली आहेत त्याला आपण कुठे आहोत हे आजच कळलं पाहिजे. ५:५० वर वर्षभर थांबलेल्या पोराला खरं सांगितलं तर तो गोळ्यावर आणि लेखीच्या १०० गुणांवर जोर देईल. खोटं सांगितलं तर तो अजून एक बॅच लावेल.

दुसरे म्हणतात, आकड्यांच्या नादानं पोरं खचतात. खरं आहे, रोजच्या आकड्यानं खचतात. म्हणून रोज घड्याळ लावूच नका. आठवड्यातून एकदा पुरे.

या गावाला हे नवं नाही

ज्या रिद्धपुरात हे सगळं चाललं आहे त्याच गावात तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून, विचारून, नागदेवाचार्यांसोबत ताडून त्यांनी एकेक लीळा लिहिली. दोन सांगणाऱ्यांच्या आठवणी जुळल्या नाहीत तिथे वेगळे पाठही नोंदवून ठेवले. आज त्याच वारशाच्या नावानं इथे मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. 'कोणी पाहिलं, कोणी सांगितलं' हे विचारल्याशिवाय न लिहिण्याची शिस्त ज्या गावात साडेसातशे वर्षांपूर्वी होती, तिथे पोराच्या टायमिंगला एक साक्षीदार मिळू नये?

मी सिंथेटिक ट्रॅक मागत नाही. तो आला तर आनंद आहे, पण त्याची वाट बघत या पोरांची वयं संपतील. मला हवं आहे ते फार स्वस्त आहे. ग्रामपंचायतीनं पोलादी टेपनं मोजून रस्त्यावर दर दोनशे मीटरला पक्क्या रंगाची खूण करावी. तालुका क्रीडा अधिकाऱ्यांनी एकदा येऊन ती तपासून सही करावी. शाळेच्या मैदानावर फक्कीनं मोजलेली फेरी आखून तिची लांबी भिंतीवर लिहावी. तालुका क्रीडा संकुलात महिन्यातून एक रविवार ठरवून, भरतीसारखीच चिप लावून, कोणालाही फुकट पळू द्यावं. आणि अकादमी चालवणाऱ्यांनी निवड झालेल्यांच्या फोटोंखाली त्या वर्षी नाव घातलेल्यांची संख्या छापावी. ज्याची शिकवणी खरी आहे त्याला याची भीती वाटायचं कारण नाही.

हे होईस्तोवर तुमच्या हातात जे आहे ते करा. चार जण मिळून बांधकामवाल्याकडून तीस मीटरचा टेप मागून आणा आणि तुमची सोळाशेची रेघ मोजा. दोन रुपयांचं पान घ्या आणि त्यावर तारीख, जागा, हवा, बूट, सोबत कोण होतं, घड्याळ कोणी धरलं आणि वेळ, एवढं लिहा. घड्याळ सरांकडे देऊ नका, ज्याला तुमच्या वेळेतून काहीच मिळणार नाही अशाकडे द्या. आणि पुढच्या वेळी कोणी "पाच-वीस आलं" म्हणालं तर अभिनंदन करण्याआधी विचारा, "कोनं मोजलं बे, अन् कुठं?"